बाण पडतो म्हणून बोट वर: बांबूच्या धनुष्याच्या पकडीची एक केस

ही केस नववीतल्या एका मुलीची आहे, नाव-गाव लिहीत नाही. उजव्या हाताने दोरी ओढते म्हणजे धनुष्य डाव्या हातात, धनुष्य बांबूचं, बाण लाकडी, पिसं खरी, अंतर ३० मीटर. तालुक्याच्या गावी एका शाळेच्या ग्राउंडवर संध्याकाळी पोरं बाण मारायला येतात, तिथे मी जमेल तशी मदत करतो, तिथली ही गोष्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की आपल्याकडे नॅशनलला रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आणि कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) यांच्यासोबत इंडियन राउंड नावाचा वेगळा प्रकार असतो, तो बांबूच्या धनुष्यावर. गावाकडची बरीच पोरं सुरुवात यावरच करतात कारण रिकर्व्हचा किट घरच्यांना झेपत नाही. ऑलिम्पिकला खेळलेले लिंबाराम आणि दीपिका कुमारी दोघंही बांबूवरूनच पुढे गेलेत. आमच्या ग्राउंडवरची धनुष्यं तर अगदीच साधी, मधे सुती पट्टी गुंडाळली की झाली ग्रिप. बाण टेकवायला शेल्फ नाही की रेस्ट नाही, बाण थेट डाव्या हाताच्या तर्जनीच्या सांध्यावर टेकतो. ही गोष्ट डोक्यात ठेवा कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. हात नुसता धनुष्य धरत नाही, तो रेस्टचं पण काम करतो.

तक्रार काय होती? कोपराच्या जरा खाली, हाताच्या आतल्या बाजूला काळानिळा वळ, आर्म गार्ड (दोरीचा फटका बसू नये म्हणून हाताला बांधतात तो) जिथे संपतो त्याच्या बरोबर वर. तर्जनीच्या सांध्यावर बँडेज, काढलं की खाली पिसाच्या काडीने कापल्याच्या बारीक बारीक रेघा, काही जुन्या काही ताज्या. आणि टारगेटवर बाण सगळीकडे, एक पिवळ्यात, दुसरा पांढऱ्यात, तिसरा थेट गवतात. वडील तिला घेऊन आले आणि म्हणाले, "सर, हिला जमत नसेल तर सरळ सांगा, उगाच हात फोडून घेतेय." पोरगी काही बोलली नाही, बँडेज खाजवत उभी राहिली.

तोपर्यंत तिला सल्ले भरपूर मिळाले होते. एकाने सांगितलं रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, खराब आहे, एकाने सांगितलं बाण कडक आहेत बदल, एकाने मोठं आर्म गार्ड दिलं. एका मोठ्या मुलाने यूट्यूबवरून शिकवलं की हात पूर्ण उघडा ठेवायचा, बोटं सैल, धनुष्य पुढे उडालं पाहिजे. हा शेवटचा सल्ला आजकाल सगळीकडे मिळतो आणि त्याचं कारणही कळतं, २०२३ ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी आणि नागपूरचा ओजस देवतळे असे दोघं वर्ल्ड चॅम्पियन झाले, ओजसने तर फायनलला १५० पैकी १५० मारले, तेव्हापासून पोरं त्यांचेच व्हिडिओ स्लो मोशनमध्ये बघतात. पण ते कंपाउंड आहे हो. तोल साधायला लावलेले रॉडबिड धरून ते चांगलं जड असतं, ग्रिप हाताच्या आकाराची कोरलेली असते, बाण रेस्टवर असतो आणि बोटं उघडी ठेवली तरी हाताला बांधलेली स्लिंग धनुष्य पडू देत नाही. बांबूचं धनुष्य वजनाला हलकं फुल, ग्रिप म्हणजे जवळपास गोल काठी. त्याला उघड्या हातात ठेवलं की दोरी सुटताना ते हातातल्या हातात फिरतं, आणि रेस्ट तर हातच आहे, म्हणजे रेस्टही फिरली. सल्ला चुकीचा नाही, धनुष्य चुकीचं आहे.

सामान आधी तपासलं. ब्रेस हाइट, म्हणजे चढवलेल्या दोरीपासून ग्रिपपर्यंतचं अंतर, आपली जुनी पद्धत म्हणजे मूठ ग्रिपवर ठेवून अंगठा उभा करायचा, टोक दोरीला लागलं पाहिजे. तिची जरा कमी भरली. दोरी ताणून लांब झाली की हे होतं. कमी ब्रेस हाइटला दोरी बाण सोडून द्यायच्या आधी हाताच्या जास्त जवळ येते आणि फटका बसतो, म्हणून दोरी उतरवून थोडे पीळ वाढवले, अंतर वर आलं. फटका कमी झाला पण गेला नाही. मग आमच्यातल्या एका जुन्या मुलाला तिचंच धनुष्य आणि तिचेच बाण देऊन १५ मीटरवरून मारायला लावले, त्याचे बाण छान एका जागी लागले. म्हणजे सामानाचा विषय तिथेच संपला. बाणाच्या कडकपणाबद्दल म्हणाल तर, बाण कडक असेल तर उजव्या हाताने मारणाऱ्याचे सगळे बाण साधारण डावीकडे जातात, नरम असेल तर उजवीकडे, पण एकाच बाजूला जातात. हिचे दोन्हीकडे जात होते, शिवाय वर-खाली. असं पसरणं म्हणजे दर बाणाला काहीतरी वेगळं घडतंय, आणि बाण तर तेच आहेत.

आता हात. गणपतीतला गुलाल कुणाच्या तरी घरी उरलेला होताच, तो मागवला. ग्रिपवर पांढरी चिकटपट्टी लावली, तिच्या तळहाताला गुलाल चोळला, आणि म्हटलं मार तुझ्या नेहमीच्या पद्धतीने, काही सुधारू नको. तीनचार बाणांनंतर पट्टी बघितली. मागची बाजू तर लाल होतीच, पण डावीकडून करंगळीच्या बाजूची गादी पूर्ण उमटलेली, अगदी मनगटापासून. आणि ठसा एक नव्हता, एकावर एक दोन-तीन होते, वर सरकत गेलेले, सगळ्यात वरचा खालच्यापेक्षा चांगला बोटभर वर. तर्जनीचा ठसा मात्र कुठेच नाही. तीन बोटं आहेत, तर्जनी गायब.

हे बघून मी तिच्या पाठीच्या बाजूला उभा राहिलो, बाण ग्रिपच्या डावीकडे असतो त्यामुळे तिथूनच नीट दिसतो, आणि मोबाईलवर स्लो मोशन घेतलं. दोरी ओढायला सुरुवात केली की डाव्या हाताची तर्जनी उठते आणि बाणाला बाहेरून आडवी लागते, कुंपणासारखी. फुल ड्रॉपर्यंत, म्हणजे दोरी पूर्ण ओढेपर्यंत, ती तशीच, आणि रिलीजच्या क्षणी झटक्यात बाजूला. कधी वेळेवर, कधी उशिरा.

मी विचारलं बोट का वर करतेस. ती म्हणाली, "सर, बाण पडतो ना मग."

इथे केस उलटी फिरली. तोपर्यंत सगळे, मी धरून, डाव्या हाताकडे बघत होतो कारण जखमा सगळ्या डाव्या हातावर. पण बाण पडत होता उजव्या हातामुळे. दोरी धरताना ती तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटाची दोरी अडकवायची खाच, दाबून धरायची, अगदी चिमटीत, आणि ओढायला लागली की बोटं आणखी मुडपायची. बोटं मुडपली की दोरीला पीळ बसतो आणि बाणाचं पुढचं टोक डावीकडे उचलून हातावरून खाली पडतं. रेस्ट असलेल्या धनुष्यावर हे खपून जातं, कारण तिथे बाण अडकायला काहीतरी असतं. हातावरून मारताना नाही खपत. मग बाण पडू नये म्हणून पोरं स्वतःच शोध लावतात, बोट वर करायचा, कुणी शिकवावं लागत नाही.

आणि एकदा तर्जनी उठली की पुढची रांग लागते. धनुष्य धरायला तीनच बोटं राहिली, म्हणून तळहात आत सरकून पूर्ण गुंडाळला जातो, करंगळीकडची गादी ग्रिपच्या डाव्या अंगाला दाबते. डावं अंग पुढे ढकललं गेलं की धनुष्य वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणजे मागची दोरी डावीकडे येते, आणि डावीकडे काय आहे तर तिचाच हात. वळ तिथून आला. दुसरं म्हणजे बोट बाणाच्या बाजूला न्यायचं तर मूठ वर सरकवावी लागते. मूठ वर गेली, दोरीवरचा नॉक पॉइंट, म्हणजे बाण लावायच्या जागेची खूण, मात्र आहे तिथेच, म्हणजे हाताच्या मानाने नॉक खाली आला. बाणाचं शेपूट खालून निघतं, पिसाची पुढची काडी सांध्यावर घासते, हात कापतो आणि बाण उडी मारतो. वर-खाली पसरणं आणि कापणं एकाच कारणाचं. बरं, हात कापणार आणि फटका बसणार हे दोन बाणांनंतर शरीराला कळतंच, मग तिसऱ्याला ती सोडायच्या आधीच दचकते. त्याला लोकं रिलीज खराब म्हणत होते.

सुधारणा उजव्या हातापासून सुरू केली, याबद्दल तिच्या वडिलांना थोडं नवल वाटलं. आधी नॉकचं फिटिंग बघितलं. लाकडी बाणाला कापलेला नॉक दोरीवर सैल बसत होता, सैल असल्यामुळेच ती चिमटीत धरायची सवय लागली असणार. दोरीच्या त्या जागेवर दोरा थोडा जास्त गुंडाळून जाड केला. टेस्ट सोपी आहे, बाण दोरीला उलटा टांगायचा, लटकून राहिला पाहिजे आणि दोरीला टिचकी मारली की पडला पाहिजे. घट्टही नको, तिथे बाण ओढत बाहेर निघतो. मग दोरीवर नॉक पॉइंट नव्याने बांधला, हातावरच्या काटकोनाच्या रेषेपासून साधारण अर्धा इंच वर. पिसांच्या पुढच्या टोकांना दोऱ्याचे दोन वेढे आणि थेंबभर फेविकॉल, म्हणजे काडीचं टोक हाताला टोचत नाही. हे काम तिने स्वतः घरी बसून केलं आणि माझ्यापेक्षा नीट केलं.

मग हुक, म्हणजे दोरीत अडकवलेली बोटं. तीन बोटं, एक नॉकच्या वर दोन खाली, दोरी पहिल्या पेऱ्याच्या रेषेत. पेऱ्याच्या टोकावर नको, तिथे धरलं की धरून ठेवायलाच ताकद जाते आणि बोटं थरथरतात. वरच्या बोटात आणि नॉकमध्ये दिसेल एवढी फट. आधी हुक घालायचा, पूर्ण घालायचा, मगच ओढायचं, ओढताना हुकात काहीही बदलायचं नाही. हाताची मागची बाजू मनगटापासून सरळ. असं केलं की ओढताना बोटं किंचित उलगडतात आणि बाण ग्रिपला चिकटून राहतो, बाहेर पळत नाही. थेराबँडवर, म्हणजे व्यायामाच्या रबरी पट्टीवर, हे आधी करून घेतलं, ओढलं आणि परत नेलं, कारण रिकामी दोरी धनुष्यावर सोडणं हे बांबूला सगळ्यात वाईट, तडा जातो आणि तुकडा तोंडावर येऊ शकतो. लहान पोरं ही चूक मजेत करतात, त्यांना तिथल्या तिथे दटावत जा.

अंगठ्याबद्दल एक सांगायचं राहिलं, दोरीच्या हाताच्या. ती कधीकधी अंगठ्याने पण नॉक धरायची. सातपुड्यातले जुने भिल्ल तिरकामठा ओढताना अंगठा लावतच नाहीत, एकलव्याचा मान म्हणून, असं सांगितलं जातं. कारण काही असो, अंगठा मोकळा ठेवून ओढायची ही रीत हातावरून मारणाऱ्याला बरोबर लागू पडते. मी तिला हीच गोष्ट सांगितली, पटकन पटली. बायोमेकॅनिक्स सांगून पटलं नसतं.

दुसरी एक गोष्ट केली ती वादाची आहे. धनुष्य अगदी उभं न धरता वरचं टोक जरासं उजवीकडे कलतं ठेवायला सांगितलं, म्हणजे बाण आपल्या वजनानेच हात आणि ग्रिपच्या कोपऱ्यात बसतो. बरेच कोच उभंच धरा म्हणतात कारण कल दर वेळी वेगळा झाला तर बाण आडवे पसरतात, आणि ते खरं आहे. पण बाण पडायची भीती असलेल्या पोरीला आधी ती भीती घालवायची होती, कल नंतर कमी करता येतो. माझं मत तेव्हा हेच होतं, आजही आहे.

हे जमायला लागल्यावर डावा हात. धनुष्य बेचकीत, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खाचेत बसवायचं आणि दाब यायला पाहिजे अंगठ्याच्या बुडाच्या मांसल भागावर, हात बघणारे ज्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात तिथे. आयुष्यरेषा ही हद्द. रेषेच्या पलीकडे, करंगळीकडे, ग्रिप जायची नाही. हे सांगितलं की पोरं लगेच तळहात उघडून रेषा बघतात आणि लक्षात राहतं. बोटांचे सांधे उभ्या रेषेत येत नाहीत, तिरके येतात, साधारण ४५ अंशात. तर्जनी खाली, हलकी वळलेली, टोक अंगठ्याला टेकलेलं. बाकीची बोटं ग्रिपवर ठेवायची, लावायची पण आवळायची नाहीत, आणि उघडायची पण नाहीत. यूट्यूबवाल्या उघड्या हाताच्या बाबतीत इथेच आमचं ठरलं की पकड असेल, पण एकसारखी असेल. पहिल्या बाणाला जेवढी तेवढीच शेवटच्या बाणाला, आणि बाण टारगेटला लागेपर्यंत तेवढीच. सोडताना मूठ आवळणारे खूप बघितलेत मी, फुल ड्रॉपर्यंत सगळं सुंदर आणि शेवटच्या क्षणी करकच्चून.

आणि पकड बसवायची कधी? दोरीवर हुक घातल्यानंतर, थोडा ताण देऊन, इंच-दोन इंच ओढून. तेव्हा धनुष्य स्वतःच बेचकीत आपली जागा घेतं. त्याच्यानंतर हात हलवायचा नाही. फुल ड्रॉला पकड ठीक करायला जाणं म्हणजे सगळी ताकद आधीच मनगटावर आलेली असताना चाळा करणं, त्याने फक्त बिघडतं. चुकीचं बसलं वाटलं तर दोरी परत न्यायची, उतरवायची, पुन्हा सुरू.

मूठ वर सरकायचा इलाज साधा होता. ग्रिपवर जिथे तर्जनीचा सांधा यायला हवा तिथे पट्टीखाली जाड दोऱ्याचे वेढे देऊन एक उंचवटा केला, अंधारातही बोटाला लागेल असा. सांधा त्याला खालून टेकला की झालं. नॉक पॉइंट आणि हा उंचवटा, दोन खुणा, एकमेकींच्या हिशोबाने बांधलेल्या. एक हलवली तर दुसरी पण बघायची.

कोपर राहिलं. दोरी लागू नये म्हणून तळहात न फिरवता फक्त कोपर फिरवता आलं पाहिजे. भिंतीवर डावा तळहात खांद्याच्या उंचीला टेकवायचा आणि हात तिथेच ठेवून कोपराची आतली घडी आकाशाकडून समोरच्या बाजूला, म्हणजे छातीकडे वळवायची. पहिल्यांदा कुणालाच जमत नाही, सगळा खांदाच फिरतो. तिने शाळेत व्हरांड्यात उभं राहून इतकं केलं की बाईंनी विचारलं काय चाललंय. हे जमल्यावर हाताचा फुगीर भाग दोरीच्या वाटेतून खाली जातो. सांधे ४५ अंशात ठेवले की निम्मं काम तसंही आपोआप होतं.

हे सगळं पाच-सहा मीटरवरून, कोऱ्या गवताच्या गठ्ठ्यावर, टारगेटचा रंगीत कागद न लावता. टारगेट दिसलं की पोरं निकाल बघतात आणि हात विसरतात. ३० मीटरला परत जायची तिला घाई होती, मी जाऊ दिलं नाही, तिने तोंड वाकडं केलं ते केलं.

काही आठवड्यांनी परत गुलाल लावला. ठसा बेचकीपासून अंगठ्याच्या बुडापर्यंत एक पट्टा, करंगळीकडची बाजू पांढरी, आणि यावेळी एकच ठसा, सरकलेला नाही. तर्जनीची पुसट रेघ पण दिसली. सांध्यावरची जखम भरली, वळ पिवळा पडून गेला. ३० मीटरवर बाण बहुतेक लाल आणि निळ्यात यायला लागले, पिवळ्यात अधूनमधून, गवतात क्वचित. वडील आता येत नाहीत, तिला गेटवर सोडून जातात.

सगळं सुटलं असं नाही. प्रॅक्टिसच्या शेवटी शेवटी दमली की तर्जनी परत उठते, पहिला इशारा तोच असतो, तो दिसला की त्या दिवसाचं शूटिंग बंद. स्पर्धेत मात्र बंद करता येत नाही, तिथे शेवटच्या काही बाणांना अजून घसरते. आणि सोडतानाचं दचकणं आहेच थोडं, ते पकडीने जात नाही, वेळ लागतो.

अजून एक गोष्ट मला नंतर लक्षात आली ती तिच्या उंचीची. वर्षभरात ती चांगली वाढली, ओढ लांबली, धनुष्य तेच. छोट्या धनुष्याला जास्त ओढलं की फुल ड्रॉला दोरीचा कोन बारीक होतो आणि बोटं आपोआप नॉकवर दाबली जातात, म्हणजे चिमटीची थोडीफार सक्ती धनुष्यच करत होतं. पाउंडेज, म्हणजे ओढायला लागणारी ताकद, पण वाढतं, कारण जास्त ओढलेल्या प्रत्येक इंचाला पाउंड वर जातात, त्यामुळे कागदावर २५ पाउंडचं धनुष्य तिच्या हातात तेवढंच राहिलं नव्हतं. आता तिच्यासाठी चार-सहा इंच लांब धनुष्य करायला सांगितलंय, ताकद तीच ठेवून, ग्रिप जरा जाड आणि मागून किंचित चपटी, म्हणजे हात फिरला तर तिला लगेच कळेल. ते आलं की दोऱ्याचा उंचवटा आणि नॉक पॉइंट जुन्या मापाने बांधून चालणार नाही, दोन्ही नव्याने, गुलाल लावून.